आर्चीची कबुतरं आणि नेटाची गृहसंस्था

कार्नी स्ट्रीटवर नेटा गिलफिलन येताना दिसली की माणसं दोन तऱ्हेनं वागत. ज्यांना घर हवं असे ती पुढे होत, आणि ज्यांनी जिना धुवायची पाळी चुकवलेली असे ती हळूच बोळात वळत. मी बहुतेक वेळा बोळात असायची.

नेटाचा नवरा क्लाइड नदीवरच्या गोदीत बोटी बांधायचा. तो गेल्यावर ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची तिला सवय झाली, आणि मग तो आवाज काही खाली आला नाही. आमची गृहसंस्था उभी राहिली ती या आवाजावर, असं आम्ही म्हणतो आणि ती नाकारत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ग्लासगोत जुन्या दगडी इमारती पाडून लोकांना शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत धाडायचा सपाटा चालला होता. आमच्या इमारतींच्या भिंती हातभर जाड, पण घरात न्हाणीघर नाही, आणि संडास जिन्याच्या वळणावर, तीन बिऱ्हाडांत मिळून एक. थंडीच्या सकाळी त्या रांगेत शेजाऱ्यांची खरी ओळख पटायची.

पाडापाडीची बातमी आली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. नेटा उठली आणि म्हणाली, "दगडाला काय धाड भरलीय? संडास आत आणा म्हणजे झालं. माणसं कशाला बाहेर काढता?"

त्यातून गृहसंस्था निघाली. कमिटीत आम्ही भाडेकरूच, अध्यक्ष नेटा. सरकारी अनुदान मिळवायचं, मोडकळीला आलेली घरं मालकांकडून विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि परवडेल अशा भाड्यानं द्यायची. नफा कुणाच्या खिशात जायचा नाही. रिकामं झालेलं घर ओळखीवर नव्हे, ज्याची नड मोठी त्याला. पगारी माणसं दोनच, त्यांचं ऑफिस बंद पडलेल्या मासळीच्या दुकानात. उन्हाळ्यात तिथं बसलं की भिंतींत मुरलेल्या वासानं भूक लागायची.

पहिली दुरुस्त झाली ती नेटाची इमारत. मग समोरची, आमची. काम चालू असताना सगळ्यांनी काही महिने दुसरीकडे राहायचं, मग आपापल्या घरी परत. सगळे तयार झाले, एक सोडून.

सगळ्यात वरच्या मजल्यावर आर्ची पेटिग्रू एकटाच राहायचा. एकटा म्हणजे माणसांपुरता. माळ्यावर त्याची कबुतरं होती, आणि त्यांना तो आमच्यापेक्षा जास्त मान द्यायचा. मी आणि नेटा त्याला समजवायला गेलो.

"तुम्हाला न्हाणीघर नको का, आर्ची?" नेटानं विचारलं.

"माझ्या बापानं आयुष्यभर टिनाच्या टबात अंघोळ केली. काय बिघडलं त्याचं?"

"तो टब अजून तुमच्याकडे आहे, आणि त्यात कबुतरांचे दाणे आहेत. तुम्ही शेवटचे कधी बसलात त्यात?"

आर्ची नेटाकडे पाठ करून माझ्याकडे वळला. "हिला सोबत कशाला आणलंस, पोरी? अशा गोष्टी चारचौघांत विचारतात का?"

बऱ्याच वेळानं खरं कारण निघालं. बदलीच्या घरांना माळा नव्हता. "त्यांना टाकून मी जायचा नाही," तो म्हणाला. आता त्याचा आवाज थट्टेचा राहिला नव्हता. "बायको गेल्यापासून सकाळी उठायचं कारण तेवढंच आहे."

नेटा खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे तिचं स्वतःचं घर, तेही सगळ्यात वर, आणि माळा रिकामा.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे राहायला जा. कबुतरांसकट. मी रीनाकडे जाते."

खाली उतरताना मी म्हटलं, "नेटा, तुला वेड लागलंय. नुकतं तर तुला न्हाणीघर मिळालंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काही बोलू नकोस, नाहीतर मी परत वर जाऊन नाही म्हणेन."

रीना तिची थोरली बहीण. नव्या वसाहतीत गेलेली. तिथं घर मोठं, पण भिंतींना ओल, बस तासाला एक, आणि दुधाला जायचं तर चढ चढून. रीनाला बोलायला कुणी नसायचं. त्यामुळे आयती बहीण हाती लागल्यावर तिनं सगळा साठा वापरून टाकला.

"अध्यक्षीणबाई आल्या," ती रोज संध्याकाळी दार उघडताना म्हणायची. "सगळ्या शहराला घरं वाटते आणि स्वतः माझ्या सोफ्यावर झोपते."

इकडे कबुतरांना कुणी सांगितलं नव्हतं की घर बदललंय. नेटाच्या माळ्यातून सोडली की ती सरळ रस्ता ओलांडून जुन्या छपरावर. छप्पर उघडं होतं, तर ती परांचीच्या फळीवर, मुकादमाच्या डब्यावर, कुठंही बसायची. आर्ची खाली रस्त्यात उभा राहून शीळ घालायचा आणि सुतारांना वाटायचं जेवणाची सुट्टी झाली. मुकादम कमिटीसमोर येऊन गंभीरपणे म्हणाला, "बाकी भाडेकरू गेले. हे पंखवाले कधी जाणार, तेवढं सांगा."

शेवटी काम पुरं झालं, सगळे आपापल्या घरी परतले, आणि एडिंबराहून अनुदान देणाऱ्या खात्याचे एक साहेब बघायला आले. नेटानं त्यांना थेट आर्चीकडे नेलं, कारण सगळ्यात हट्टी माणसाचं घर दाखवायची तिला हौस. साहेब जिना चढता चढता म्हणाले, "आमच्याकडे अजून काही जण म्हणतात, अशा लोकांना न्हाणीघरं दिली तर ते टबात कोळसा भरतील."

"बघाच तुम्ही," नेटा म्हणाली आणि तिनं दार ढकललं.

टबात कोमट पाणी होतं आणि पाच-सहा कबुतरं त्यात पंख फडफडवत होती. आर्ची स्टुलावर बसून त्यांची अंघोळ बघत होता. नेटाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बसला. साहेब कोटावरचे शिंतोडे पुसत म्हणाले, "कोळसा तर नाही."

"माझी झाली सकाळीच," आर्चीनं सांगितलं. "त्यांना शिळं पाणी चालतं."

याच सुमाराला आमच्या इमारतीतलं तळमजल्याचं एक घर रिकामं झालं. रीनानं अर्ज केला. नेटानं कमिटीला सांगितलं, अर्जदार माझी बहीण आहे, आणि ती बाहेर ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली. आत आम्ही बराच वाद घातला. घर गेलं ते आश्रयगृहात दोन मुलांसह राहणाऱ्या एका बाईला. बाहेर जाऊन नेटाला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती नुसती "ठीक" म्हणाली, पण उठायला तिला वेळ लागला.

रीना फोनवर म्हणाली, "सख्खी बहीण अध्यक्ष, आणि मी रांगेत?"

"रांगेत आहेस म्हणून तर पाळी येईल. नाहीतर मागच्या अध्यक्षाची बहीण तुझ्या आधी घुसली असती."

"मागचा अध्यक्षच नव्हता."

"मग पुढच्या अध्यक्षाची घुसेल की."

रीनानं फोन ठेवला आणि ईस्टरपर्यंत उचलला नाही. त्या दिवसांत नेटा कमिटीत कमी बोलायची. मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढल्या वर्षी शेजारच्या रस्त्यावर घर निघालं. तोवर रीनाची छाती ओलीनं पार बिघडली होती, डॉक्टरांनीही तसं कळवलं होतं, आणि या खेपेला तिच्याहून मोठी नड कुणाचीच नव्हती. नेटा पुन्हा पायरीवर. तिला सांगायला मी पळतच गेले.

रीना राहायला आली, तिनं पडदे लावले, आणि महिन्याभरात कमिटीच्या निवडणुकीला उभी राहिली. "तुम्ही फार ढिले आहात," तिनं आम्हाला सभेत सांगितलं. ती निवडून आली आणि दोन वर्षांनी अध्यक्ष झाली. जिना धुवायच्या पाळीबद्दल ती नेटापेक्षा कडक निघाली. पहिली ताकीद तिनं धाडली ती नेटाला. नेटानं ती मला वाचून दाखवली, हसून हसून खोकला येईपर्यंत, आणि मग बादली घेऊन जिना धुवायला गेली.