कमलिनीबाईंचा डावा कान

"हे यंत्र परत घ्या. यानं माझा गळा बिघडवला."

एवढं बोलून त्या बाईंनी माझ्या टेबलावर हिअरिंग एडची डबी ठेवली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाहेरच्या बाकांवर वीसेक पेशंट बसलेले. माझा चहा निवून गेला होता. मी फाईल उघडली. कमलिनीबाई, वय अठ्ठ्याहत्तर. पाच महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या डाव्या कानाला यंत्र बसवलं होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बंगळूरमध्ये जयनगरच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑडिऑलॉजिस्ट होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. कान तपासणं, किती ऐकू येतं ते मोजणं, यंत्र लावून देणं हे माझं काम. दिवसाला तीस पेशंट. त्यातले निम्मे ओरडून बोलायचे, निम्म्यांशी मला ओरडून बोलावं लागायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर मी कुणाशी बोलत नसे. नवऱ्याला ते आधी लागायचं, मग सवय झाली.

"आजी, यंत्र कानाचं आहे. त्याचा गळ्याशी काय संबंध?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधा. यंत्र लावल्यापासून मी बेसूर गाते. सुधाकर म्हणतो."

सुधाकर म्हणजे त्यांचा मुलगा. इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. पहिल्या वेळी तोच त्यांना घेऊन आला होता. आज त्या एकट्या रिक्षातून आल्या होत्या. मुलाला न सांगता.

"तुम्ही गाता?" मी विचारलं. तीस पेशंटांच्या दिवशी असा प्रश्न विचारायचा नसतो. उत्तर लांबतं.

पण त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "नाटक कंपनीत होते. चौदाव्या वर्षापासून."

मग मला चेहरा ओळखू आला. आमच्या सोलापूरच्या घरी टीव्ही आला तेव्हा शेजारपाजारचे सगळे आमच्याकडे सिनेमा बघायला जमायचे. त्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत एक विधवा आत्या असायची, देवासमोर बसून एक गाणं म्हणायची आणि मग पुढं सिनेमाभर दिसायची नाही. त्या गाण्याला माझे वडील आवाज मोठा करायला लावत. "हिला स्टेजवर ऐकायला हवं होतं," असं ते दर वेळी म्हणायचे. "हुबळीला कंपनी आली होती तेव्हा तीन रात्री उभं राहून ऐकलंय." ती आत्या माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला पाच महिन्यांपूर्वी ओळखलं नव्हतं.

मी हे त्यांना सांगितलं. त्या खूश वगैरे झाल्या नाहीत. "आता ते राहू दे," म्हणाल्या. "एकवीस दिवसांनी कार्यक्रम आहे."

इथल्या मराठी लोकांच्या मंडळानं एक संध्याकाळ ठरवली होती. जुनी संगीत नाटकं, जुने सिनेमे, टीव्हीवरचे सुरुवातीचे गायक-नट यांच्या आठवणी. लोक बोलणार, रेकॉर्डी वाजवणार. कमलिनीबाईंनी एक पद म्हणावं अशी विनंती होती. सुधाकरनं परस्पर नकार कळवला. बाईंना ते मंडळाच्या एका माणसाकडून कळलं.

"मुलगा पेटी वाजवतो. मीच शिकवलीय. त्याचा कान चांगला आहे. तो म्हणाला, आई, तू आता गाऊ नकोस, लोक हसतील." त्या थांबल्या. "त्याचं खोटं नाही. मला माहीत आहे तो खोटं बोलत नाही. पण मला माझं गाणं बरोबर ऐकू येतं. मग बेसूर कसं?"

मी डबी घेऊन माझ्या बॉसकडे गेले. डॉक्टर मूर्ती, कान-नाक-घशाचे हेड. चांगला माणूस, पण घाईतला.

"अठ्ठ्याहत्तर?" त्यांनी फाईलवर नजर टाकली. "यंत्रानं गळा बिघडत नाही. वयानं बिघडतो. नीट समजावून सांगा आणि पाठवा."

"सर, एकदा पुन्हा टेस्ट करते."

"आज? बाहेर लाईन बघितली का?"

"पंधरा मिनिटं."

"स्वल्प लवकर," जरा लवकर, असं कानडी मिसळून ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

खरं सांगायचं तर मलाही ते वयच वाटत होतं. टेस्ट मी वडिलांसाठी करत होते.

आमची टेस्ट सोपी असते. आवाज आत न येणारी एक छोटी खोली. पेशंटच्या कानांवर हेडफोन. लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. बाहेरून मी मशीनवर वेगवेगळे सूर वाजवते, हळूहळू बारीक करत नेते. ऐकू आलं की पेशंटनं बोट वर करायचं. बस. कोणता सूर आहे हे कुणी सांगत नाही. कुणाला कळतही नाही. मला स्वतःला कळत नाही. आरतीत टाळ्या चुकवणारी मी.

उजव्या कानात पाचशे हर्ट्झचा सूर दिला. बाईंनी बोट वर केलं आणि काचेपलीकडून म्हणाल्या, "पांढरी सात. किंचित चढी आहे."

पेटीच्या पट्ट्यांची ही नावं. मी मान हलवली.

मग डाव्या कानात तोच सूर दिला. बोट वर झालं. "आता वरची पांढरी एक. तुम्ही बटण फिरवलंत."

म्हणजे पुढचीच, थोडी उंच पट्टी. मी बटण फिरवलं नव्हतं. फक्त कान बदलला होता.

पुन्हा दिला. उजवा: पांढरी सात. डावा: वरची पांढरी एक. न सांगता उलटसुलट दिला. एकदाही उत्तर चुकलं नाही. मला घाम फुटला, कारण याचा अर्थ माझं मशीन बिघडलं होतं. आणि मशीन बिघडलं असेल तर त्या आठवड्यातले सगळे रिपोर्ट बाद.

मी आत गेले आणि हेडफोन उलटा घातला. निळी बाजू उजव्या कानाला, लाल डाव्या. मशीनमध्ये दोष असेल तर आता उत्तरंही उलटी यायला हवीत.

आली नाहीत. उजवा कान तरीही पांढरी सातच म्हणत होता. मशीन ठीक होतं.

मग मला आठवलं. कॉलेजात एक शब्द वाचला होता, परीक्षेत दोन मार्कांना आला होता आणि नंतर बारा वर्षांत एकदाही लागला नव्हता. डिप्लॅक्युसिस. कानाच्या आतली नस-पेशींची रांग झिजते. दोन्ही कानांत ती सारखी झिजत नाही. मग एकच सूर एका कानाला एका उंचीवर ऐकू येतो, दुसऱ्याला वेगळ्या. साध्या बोलण्यात फरक पडत नाही. दूधवाला दूधवाल्यासारखाच ऐकू येतो. त्यामुळं पेशंट तक्रार करत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

आता कोडं सुटायला लागलं. यंत्र डाव्या कानात. पेटीचा सूर मोठा होऊन डाव्या कानात जायचा, आणि तो कान त्याला चढा करून दाखवायचा. बाईंचा स्वतःचा आवाज मात्र हाडांतून चांगल्या उजव्या कानापर्यंत खरा पोचायचा. त्या आपला खरा सूर पेटीच्या खोट्या सुराला जुळवत होत्या. त्यांच्या डोक्यात दोन्ही जुळत होते. बाहेरून ऐकणाऱ्या सुधाकरला मात्र आई चढी गाताना ऐकू येत होती.

आणि डावा कान कुणी निवडला होता? मी. फाईलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'उजवा कान फोनसाठी मोकळा ठेवणे.' एकच यंत्र असेल तर आम्ही असंच करत असू. लोक फोन उजव्या कानाला धरतात. या बाईंनी आयुष्य कशात घालवलं, हे मी विचारलं नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आजी, परवा सुधाकररावांना घेऊन या. पेटीही आणा."

"तो येणार नाही."

"मी फोन करते."

सुधाकर आला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पेटी खाली ठेवत तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, तिला आशा लावू नका. मी तिला स्टेजवर बघितलंय. सगळं थिएटर उभं राहायचं. आता तिला कुणी हसलेलं मला चालणार नाही."

मी त्याला काही समजावलं नाही. समजावणं मला जमतही नाही. दोघांना आत बसवलं, दार उघडं ठेवलं.

"आधी यंत्र लावून," मी म्हटलं.

त्यानं पट्टी धरली. बाईंनी सा लावला. सुधाकरनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मला फरक कळला नाही, पण त्याचा चेहरा कळला. घरी सोफ्यावर बसून पाच महिने हा माणूस हा चेहरा करत असणार.

"आता यंत्र काढा." मी त्यांच्या डाव्या कानात व्हॅसलिन लावलेला कापूस घट्ट बसवला. "आणि तुम्ही इकडं या. आईच्या उजव्या बाजूला."

"मी नेहमी डावीकडं बसतो."

"आजपासून नाही."

तो उठला, पेटी उचलली, उजवीकडं बसला. तीच पट्टी धरली. बाईंनी पुन्हा सा लावला.

सुधाकरचा भाता थांबला. मग त्यानं दुसरी पट्टी दाबली. त्या तिथं गेल्या. तिसरी. तिथंही गेल्या. त्यानं पट्टी सोडली.

"काय?" बाईंनी जरा जोरात विचारलं. कान बंद असल्यानं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"सूर, आई. सूर बरोबर आहे."

त्यानं माफी मागितली नाही. पेटीवर डोकं वाकवून नुसता भाता चालवत राहिला. बाईंनी हात लांबवून त्याच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हं. सोडू नको आता. धर."

मी बाहेर आले. डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

डॉक्टर मूर्तींना सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं.

"चूक कसली? प्रोटोकॉलप्रमाणंच केलंत."

"प्रोटोकॉल बरोबर होता, सर. कान चुकला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ होतं.

कार्यक्रमाला मी गेले. रविवार होता, घरचं काम पडलं होतं, तरी गेले. हॉलमध्ये दीडशेक लोक. एक गृहस्थ जुन्या नटांबद्दल पाऊण तास बोलले. मग एकानं सिनेमातल्या गायिकांवर बोलताना कमलिनीबाईंचं नाव घेतलं आणि म्हणाला, "काय गात होत्या!" बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोर बसलेल्या माणसाबद्दल तो 'होत्या' म्हणत होता, आणि त्या ऐकून मान डोलवत होत्या. निदान अर्धं तरी ऐकू येत असावं.

मग त्या गायल्या. एकच पद. आवाज पातळ झाला होता. श्वास दोन ठिकाणी तुटला. एक मोठी तान त्यांनी घेतलीच नाही, तिथं हातानं वळण दाखवलं आणि पुढं गेल्या. मागं काही लोक खाण्याच्या टेबलाकडं सरकले होते, प्लेटांचा आवाज येत होता. पण पुढच्या रांगांमधली म्हातारी माणसं हलली नाहीत. सुधाकर आईच्या उजवीकडं बसला होता आणि शेवटपर्यंत त्याची नजर तिच्या तोंडावरून हटली नाही.

कुणी हसलं नाही.

पुढं यंत्राचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. यंत्र असलं की नातवंडांचं बोलणं कळायचं. नसलं की सूर कळायचा. दोन्ही एकदम देणारं यंत्र तेव्हा माझ्याकडं नव्हतं. त्यांनी स्वतःच तोडगा काढला. दिवसभर यंत्र, संध्याकाळी गाण्याच्या वेळी कापूस. दोन वर्षं हे चाललं. मग उजवा कानही सूर सरकवायला लागला. त्या टेस्टला आल्या, पट्ट्यांची नावं सांगितली, आणि मी काही बोलायच्या आत माझा चेहरा बघून त्यांनाच कळलं.

"आता दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी उजव्या कानासाठीही यंत्र घेऊन गेल्या. गाणं बंद झालं. नातवंडांशी बोलणं वाढलं, असं सुधाकरनं नंतर सांगितलं. तो रोज पेटी वाजवतो, तिला सूर नीट ऐकू येत नाही तरी ती शेजारी बसते, हेही सांगितलं.

माझ्यापुरता बदल एवढाच झाला. आमच्या छापील फॉर्ममध्ये मी हातानं दोन ओळी घालायला लागले. 'तुम्ही आयुष्यभर काय केलंत?' आणि 'दोन्ही कानांत सूर एकच ऐकू येतो का?' डॉक्टर मूर्तींनी वेळेचा हिशेब दाखवून दोनदा हरकत घेतली, मग नाद सोडला. बहुतेक पेशंट दुसऱ्या प्रश्नाला "म्हणजे काय?" असं विचारतात. मग समजावून सांगावं लागतं, पेटीचं उदाहरण द्यावं लागतं, आणि पाच मिनिटं जास्त जातात. जातात तर जातात.