वापस आलेल्या बत्त्या

राजूरच्या सलूनमध्ये ते म्हातारे गृहस्थ दर रविवारी दिसायचे. उभी हयात कोळशाच्या खाणीच्या बत्तीघरात गेलेली. खाली उतरणाऱ्याला टोपीवरची बत्ती द्यायची, वर आला की परत घ्यायची. शेवटची बत्ती जागेवर लागल्याशिवाय हा माणूस घरी जात नसे, असं सलूनवाला कौतुकाने सांगायचा.

एका रविवारी टीव्हीवर खाणीत पाणी घुसल्याची जुनी घटना मालिका म्हणून दाखवत होते. एका पक्षाचा मंत्री खलनायक, दुसऱ्याचा पुढारी देवमाणूस. त्यावरून सलूनमध्ये दोन तट पडले. मीही तावातावाने भांडलो. ते मात्र ओठ हलवत शेवटपर्यंत पडद्याकडे पाहत राहिले.

मग चष्मा पुसत मला म्हणाले, "सर, टीव्हीत खाली गेलेल्या बत्त्या मी मोजल्या. वापस किती आल्या, हे काहून नाही दाखवलं जी?"



मंत्र्याचं आणि पुढाऱ्याचं नाव आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. बुडालेल्यांपैकी एकाचंही नाही. आणि ज्यांनी हे विचारलं, त्यांचं नाव तरी मी कुठे कधी विचारलं होतं?