एकाच नावाचे शेकडो मेल

बुधवारी सकाळी साडेदहाला येरमाळ्याजवळच्या गावातली एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात आली. मुलीचं नर्सिंग प्रवेशाचं पत्र गावातल्या ऑनलाइन केंद्राच्या चालकाने दडवलं, असा तिचा लेखी अर्ज होता. माझ्या पोलिसातल्या नोकरीतली मोठी प्रकरणं पुसट झाली, हे मात्र तपशिलासह आठवतं.

मुलीचं नाव निवड यादीत होतं. गुरुवारी दहा वाजता सोलापुरात मूळ कागदपत्रं आणि ते पत्र दाखवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. संस्थेने फोनवर सांगितलं, पत्र मेलवर पाठवलं आहे. अर्जावरचा मेल पत्ता केंद्रचालकाचा होता. गावातल्या बहुतेक अर्जांवर आणि ऑनलाइन खरेदीवर त्याचाच मेल असे.

"त्याच्या पुतणीनं बी फॉर्म भरलाय, साहेब. तिचं पत्र बरं सापडलं," बाई म्हणाली.

हेतू दिसत होता. स्टेशन डायरीत नोंद करून चालकाला बोलावलं. तो लॅपटॉप काखेत मारूनच आला. दडवणारा माणूस सहसा लॅपटॉप बिघडला असल्याचं सांगतो.

"मावशी, म्या कशाला दडवू?"

"मग गेलं कुठं? उंदरानं खाल्लं?"

त्याने सगळ्यांसमोर मेल उघडला. पंपवाले, साडीवाले, मोबाइलवाले. गावात कुणी एक वस्तू मागवली की त्या कंपनीच्या जाहिराती याच्याकडे सुरू होत.

"या आठवड्यात काय काय काढून टाकलंस?" मी विचारलं.

"मावशीच्या शिलाई मशीनवाल्यांचे. रोज तीन-तीन यायचे. मशीन ह्या ताईच्या नावावर मागवली व्हती. सोमवारी तेच नाव शोधलं अन् सगळे एकदम पुसले."

"एकेक वाचून?"

"न्हाय साहेब."

मी मेलमधली कचरापेटी उघडायला सांगितली. पुसलेले मेल तिथे काही दिवस राहतात. दोऱ्यावरची सूट, मशीनचं तेल, नवं मशीन, प्रत्येकात मुलीचं नाव. त्यांच्यातच संस्थेचं पत्र होतं.

ठाण्याच्या प्रिंटरवर प्रत निघाली. बाईने तिची दोनदा घडी घातली आणि चालकाला म्हणाली, "आता चहा पाज."

दुपारी तो आणि मी बसलो. जिथून खरोखर खरेदी झाली होती, त्या कंपन्यांच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरांतला सदस्यता रद्द करण्याचा दुवा दाबत गेलो. अनोळखी मेलमधल्या दुव्याला हात न लावता तो मेल स्पॅममध्ये टाकला. मशीन कंपनीचे मेल चौथ्या दिवशी थांबले. हेतू दिसला म्हणून गुन्हा झाला असं धरू नये, हे मी नव्या अंमलदारांना या अर्जावरून सांगत असे.

त्या गुरुवारी मुलीची कागदपत्रं जमा झाली. अर्ज निकाली निघाला. चालकाने तिला तिच्या मोबाइलवर स्वतंत्र मेल काढून दिला आणि तिने तो संस्थेकडे नोंदवला. त्यावर पहिलं पत्र आलं ते प्रवेश निश्चित झाल्याचं.