राजाचा फाटका झगा

त्या फिगरला मी दहापैकी नऊ गुण दिले. कापलेला एक गुण नायनांच्या नावावर टाकला, आणि तसं कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगितलंही. माझ्या चॅनलवर सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. आता मी तो काढून टाकलाय. पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला, आणि ज्यांनी पाहायला नको होता त्यांनी तर चारदा पाहिला.

नायना म्हणजे माझे वडील. आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. नायना जे बोलले ते इथं मी मराठीत लिहितेय, त्यात थोडं इकडंतिकडं झालं तर दोष माझा. मी सात रस्त्याजवळ एका ऑफिसात नोकरी करते. चाळिशी ओलांडलीय, लग्न केलेलं नाही, आणि सिनेमातल्या पात्रांच्या फिगर जमवते. फूटभर उंचीच्या, हातपाय हलणाऱ्या, अंगावर खरे कपडे घातलेल्या. गल्लीतल्या बायका त्यांना बाहुल्याच म्हणतात. "एवढी घोडी झाली तरी हिची भातुकली सुटंना की," असंही म्हणतात, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हणोत बापड्या. दर रविवारी मी एकेक फिगर टेबलावर मांडते आणि मराठीत तिची चिरफाड करते. रंग कुठं सांडलाय, गुडघा कुठं अडकतो, चेहरा नटासारखा आलाय की त्याच्या मेहुण्यासारखा. माझी जीभ तिखट आहे आणि लोकांना तेच आवडतं.

खोट काढायची ही सवय मला नायनांकडूनच आली. त्यांनी चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. मागावर एक धागा जरी तुटला तरी माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढं जायचं. तसंच रेटलं तर कापडात रेघ पडते, तपासणीच्या टेबलावर ती सापडते आणि माल सेकंडमध्ये जातो. सेकंड म्हणजे दोष निघाला म्हणून बाजूला फेकलेला माल. ज्याचा माल सेकंडला गेला तो दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देत नाही. "माझा एकही नग सेकंडला गेला नाही," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं मी त्यांच्याबरोबरच म्हणायचे, तोंड वाकडं करून.

कारखाना बंद झाला, पण हात काही बंद झाले नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या सदऱ्याचा दोरा सुटलेला दिसला की नायना बोलता बोलता त्याला गाठ मारून मोकळे. तो माणूस दचकतो. मी दुसरीकडं बघते.

तर ती फिगर. एका परदेशी सिनेमातला राजा. राज्य जळून गेलं, वर शाप लागला, म्हणून शेकडो वर्षं रानोमाळ भटकणारा. पडद्यावर तो पहिल्यांदा येतो तेव्हा चेहरा दिसत नाही, नुसता झगा दिसतो. जळका, चिंध्या झालेला, वाऱ्यावर फडफडणारा. त्या झग्यासाठीच ही फिगर जगभर नावाजलेली होती. कंपनीनं सुती कापडाचा झगा हातानं फाडून, कडा विस्कटून, बारीक भोकं पाडून बनवला होता. काठात केसासारखी तार घातलेली, म्हणजे झगा वाऱ्यात उडाल्यासारखा वळवून ठेवता येतो. वर्षभर मी तिची वाट पाहिली. शुक्रवारी पार्सल आलं, मी खोका उघडतानाचा भाग शूट केला, राजाला टेबलावर उभं केलं आणि शनिवारी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत आले तर नायना दारातच. चेहरा असा, की मला वाटलं कुणाकडं तरी बाळ झालं.

"ये, बघ," म्हणाले.

राजाचा झगा धडधाकट झाला होता. एकूण एक भोक रफू केलेलं. काठाच्या लोंबत्या दोऱ्यांना ओळीनं गाठी मारून खालची कड सरळ केलेली, आमच्या चादरीला असते तशी. घरातल्या जुन्या चादरीचा काळा दोरा उसवून, त्याचे पदर सुटे करून, भिंग डोळ्याला लावून माणूस सकाळपासून बसला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. कागदाच्या पुडीत त्यांनी ती तारही जपून ठेवली होती. "कापडात तार राहिली होती बघ. टोचली असती तुला."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "फाटका माल पाठवला होता त्यांनी. मी नीट केला. आता तू तक्रार करू नकोस. तिकडं कुणीतरी बसून शिवला असेल, उगीच त्याच्यावर यायचं."

मी म्हटलं, "छान झालंय, नायना."

हेच मला सगळ्यांत जास्त खातं. तेव्हा मी ओरडले असते, रडले असते, तरी चाललं असतं. ते ओशाळले असते, मी दोन दिवस फुगून बसले असते, मिटलं असतं. मी तोंडावर छान म्हटलं, खोलीत जाऊन दार लावलं आणि उशीवर बुक्क्या मारल्या. मग माझ्या डोक्यात आलं, यावर व्हिडिओ काय झकास होईल!

झालाच. आधी राजाची सगळी स्तुती केली. चेहऱ्यावरचं रंगकाम, तलवारीचं वजन, बदलायला दिलेले सहा पंजे. मग म्हटलं, "आता बघा, आमच्या घरात या कलाकृतीची कशी वाट लागली ते." कॅमेरा रफूवर नेला, एकेका गाठीवर थांबवला. खाली गमतीचं संगीत. "तीनशे वर्षं शाप भोगलेला राजा आमच्याकडं एका दिवसात शाळेच्या स्नेहसंमेलनाला तयार झाला," असं काहीतरी म्हटलं. आणि मधेच तीन सेकंदांचा एक तुकडा जोडला. दुपारी पलंगावर झोपलेले नायना, तोंड उघडं, बनियन वर सरकलेलं, पोट दिसतंय. तो तुकडा मी त्यांना न सांगता काढला होता. त्यावर लिहिलं, "हेच ते कारागीर." लोक हसून लोळले. ऑफिसातही सगळ्यांनी पाहिला. मी आठवडाभर हवेत होते.

नायना मोबाइलवर फक्त फोन घेतात, त्यामुळं त्यांना कळायचा प्रश्नच नाही असं मी धरून चालले होते.

पुढच्या शनिवारी अर्धी सुट्टी होती. सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत होते, तर समोर चाचा. हे नायनांच्याच कारखान्यात जॉबर होते, मागांची दुरुस्ती बघायचे. अजूनही दोघं रोज सकाळी एकाच हॉटेलात चहाला बसतात.

"काय गं पोरी, बापाला लई फेमस केलंस की," चाचा म्हणाले. "माज्या नातवानं दावलं आमाला. सगळं हॉटेल हसत हुतं."

"नायनांनी पाहिलं?"

"व्हय. त्यो बी हसला की आमच्यासंगं. मग म्हनला, परत लाव. चार डाव लावाय लावलं त्यानं. मग चा तसाच सोडून मला इचारतो, एक गुण कापला म्हंजे माल सेकंडला गेला का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हननार? मला त्यातलं काय कळतंय. येडा हायस का म्हनलं, खेळणं हाय ते." चाचांनी बोटांवर दिवस मोजले. "कवा झालं गं हे? मंगळवारी का बुधवारी. तवापासनं जरा गपगपच हाय त्यो."

मंगळवार म्हणजे चार दिवस. चार दिवस त्या माणसानं माझ्याबरोबर एका ताटलीत शेंगाचटणी खाल्ली आणि अवाक्षर काढलं नव्हतं. रिक्षात बसले तेव्हा मला माझी इतकी लाज वाटत होती की रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर मला पत्ता आठवेना. ज्या एका गोष्टीवर माझा बाप आयुष्यभर ताठ चालला, ती मी गावापुढं उघडी करून हसले होते. तीही त्यांना झोपलेलं दाखवून.

घराचं दार उघडंच होतं. नायना खिडकीशी पलंगावर बसले होते. मांडीवर राजा, एका हातात भिंग, दुसऱ्यात छोटी कात्री. फिगरचा खोका समोर उशीला टेकवून ठेवलेला, त्यावरच्या चित्रात बघून त्यांचं काम चाललं होतं. पलंगभर काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे. आपल्याच हातच्या गाठी ते एकेक करून सोडत होते, सुटत नव्हत्या त्या कापत होते, आणि मग काठाचे धागे नखानं ओढून विस्कटत होते. धागा तुटला की माग थांबवणारा माणूस. मी दारातच उभी राहिले.

"फाटकंच पाहिजे होतं, ते आधी सांगायचंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला काय माहीत? तारपण घातलीय परत."

मी जवळ जाऊन बसले. नायना, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. मी पलंगावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले.

त्यांनी राजा माझ्या हातात दिला. "आता दहा देशील?"

"देते," मी म्हटलं. "दहाच."

त्यांनी तो परत घेतला, झगा खिडकीच्या उजेडात धरला आणि काठावरून अंगठा फिरवत नेला, चादर तपासताना फिरवायचे तसा.

"तू बघितलंच नाहीस," ते म्हणाले. "डाव्या अंगाला माझ्याकडून जास्त उसवलंय. चित्रात तसं नाही. एक गुण काप."

मी खोका ओढून चित्राशी ताडून पाहिलं, खरंच होतं.

"फक्त या वेळी झोपलेला दाखवू नकोस," नायना म्हणाले. "मला उठव. मी दाढी करून, सदरा घालून बसेन."