दोन टीम लिहून घेतल्या, तेव्हापासून

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

मी घनसावंगी तालुक्यात पीटीचा सर. रविवारी तीर्थपुरीत तीन गावांच्या फुटबॉल मॅचेस आहेत. कोण कोणासंगं खेळणार, तो ड्रॉ लावायचं काम माझ्याकडं; तीन टीमचा काही केल्या बसत नव्हता.

सकाळी वर्गात पोरांना आफ्रिकेच्या कपाची गोष्ट सांगितली. १९५७ ला सुदानमध्ये पहिल्यांदा चार देश खेळणार होते. दक्षिण आफ्रिका गोऱ्या-काळ्यांची मिळून एक टीम पाठवायला तयार होईना. बाकीचे म्हणाले, मंग येऊच नका. तीन देशांत कप झाला, एक टीम न खेळताच फायनलला गेली. पोरं हसली. मी म्हणलं, हसू नका, याला हिंमत लागते.

दुपारी आमच्याच गावच्या सरपंचांचा फोन. "सर, आपल्या दोन टीम लिहा. गावातल्या पोरांची येगळी, भीमनगरातल्यांची येगळी. उगं कटकट नको. तुमच्याबी चार व्हतेत बराबर."

मी "बरं" म्हणलो. खरं सांगतो, डोक्यात पहिलं हेच आलं की ड्रॉ जमला.

ही दोन्हीकडची पोरं रोज माझ्यासमोर एकाच टीममध्ये खेळतात. त्यातले दोघं तर एकमेकांकडं न बघता पास देतात.

आता सरपंचांना परत फोन लावतो, सांगतो, गावची एकच टीम लिहिणार. ते म्हणतील, मंग आमची टीम येत न्हाई. दोनच गावं उरतील, एकच मॅच होईल.

बघायला याल का?