लटारूभाऊची घुबडं

लटारूभाऊ म्हणजे पालीला भिणारा माणूस. चामोर्शीच्या बाजारात बैल शिंकला तरी हा बायकोच्या, शकुबाईच्या पदराआड! पण अख्खं गाव ज्याला अशुभ म्हणून थुंकतं, त्या घुबडांच्या जोडीवर मात्र ह्याचा जीव. खळ्याकाठच्या चिंचेच्या ढोलीत ती राहायची.

"रातभर जागते, उंदीर मारते, मजुरी मांगत नाई," तो कौतुकाने सांगे.

"मंग त्याइच्याच संगं संसार करा," शकुबाई म्हणे.

छप्पन सालच्या कापणीनंतर गावात उंदरांचं काळं औषध आलं. लोकांनी ते कण्यांत कालवून खळ्याखळ्यावर टाकलं. तिसऱ्या सकाळी चिंचेखाली नर मरून पडलेला. चोचीपाशी अर्धा उंदीर. वर ढोलीत तीन पिल्लं फुसफुसत होती. औषध खाऊन झिंगलेला एखादा उंदीर मादीने वर नेला, की सगळंच आटोपलं.

लटारूभाऊ तडक सोमाजीच्या खळ्यावर गेला. सोमाजी गावातला वजनदार माणूस; त्याने औषध उचललं की बाकीचे उचलणारच.

"सोमाजीभाऊ, औषध उचला. सगळ्याइचे उंदीर मी मारतो."

"तू? उंदीर पाहून तूच झाडावर चढशील ना बे!"

माणसं पोट धरून हसली. लटारूचे कान लाल झाले, पण पाय हलले नाहीत.

"आठ दिवस द्या. जेवढं धान कुरतडलं जाईल, तेवढं माह्या घरचं घ्या."

शकुबाईने कपाळावर हात मारला. सोमाजीने मात्र गंमत म्हणून कण्या उचलायला लावल्या.

लटारूभाऊ बांबू चिरून चाप करायला बसला. पहिलाच चाप त्याच्या अंगठ्यावर बसला. किंकाळी ऐकून शकुबाई धावली, चिंधी बांधली आणि "सरका तिकडं" म्हणत उरलेले चाप तिनेच केले. मग रोज सकाळी लटारूभाऊ तोंड फिरवून, दोन बोटांनी शेपटी धरून खळ्याखळ्यावरच्या चापांतून मेलेले उंदीर सोडवी. त्यातले दोन-चार संध्याकाळी शिडी लावून ढोलीच्या तोंडाशी ठेवी. सकाळी जागा साफ!

आठव्या दिवशी सोमाजी आला. प्रत्येक खळ्यावर फिरला, पेंढ्या उलथून पाहिल्या. सगळं मिळून पसाभर धान कुरतडलेलं.

"आणून देतो," लटारू म्हणाला.

"राहू दे." सोमाजी वर बघत होता. ढोलीतून तीन पांढरी तोंडं एकदम बाहेर आली होती. तो दोन पावलं मागे सरकला. "काऊन पाह्यते बे माह्याकडे?"

"भूक लागली असल."

सोमाजी घुटमळला. मग कमरेची औषधाची पुडी काढून त्याने शकुबाईपुढे ठेवली.

"बाई, हे खोल पुरून टाक. मळणी होईस्तोर चापच राहू दे." चार पावलं जाऊन तो वळला. "पण लटारू, त्याइले सांग, माणसाकडे असं टकमक पाहू नका म्हनून!"