हिगाकी-सानना मी काढलं नव्हतं

पोस्टकार्ड करड्या किनारीचं होतं. जपानमध्ये घरात मृत्यू झाला की वर्षअखेरीस असं कार्ड येतं... यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देणार नाही, क्षमस्व. खाली हिगाकी-सानच्या पत्नीचं नाव. ते उन्हाळ्यातच गेले होते, आणि नागोयात राहूनही मला आत्ता कळत होतं.

आमच्या विद्यापीठात प्रत्येक संघाच्या गळ्यात एक प्राध्यापक प्रमुख म्हणून बांधतात. फुटबॉल माझ्या वाट्याला आला. मी पुण्यात खो-खो खेळलेली. ऑफसाइड मला आजही कळत नाही. हिगाकी-सान प्रशिक्षक, आणि संघ तीन हंगाम सतत हरत होता. माजी खेळाडूंचा एकच धोशा, माणूस बदला. मी हटून बसले. मुलं सरावाला येतात ना? हरल्यावर एकमेकांची उणीदुणी काढत नाहीत ना? मग घाई कसली? मुलं ज्याला टाळायला लागतात तो प्रशिक्षक काढावा, नुसता हरणारा नाही, असं मला वाटायचं, आजही वाटतं. चार बैठका भांडून मी त्यांच्यासाठी आणखी एक वर्ष मिळवलं.

चौथ्या बैठकीनंतरच्या रविवारी सामना जादा वेळेत गेला आणि आम्ही हरलो. हिगाकी-सान घामाघूम उभे होते. चांगली बातमी उद्या निवांत सांगू, आत्ता नुसतं ‘केवढा वेळ दमलात हो’ म्हणावं, म्हणून मनातलं मराठी जपानीत जुळवून मी म्हणाले, “नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देश्ता.” उचलली जीभ, लावली टाळ्याला! ते कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मला वाटलं, काय ही नम्रता.

घरी लेकीला सांगितलं, तर ती किंचाळलीच. “आई! हे रिटायर होणाऱ्यांना म्हणतात. बुके देताना!”

सकाळी टेबलावर राजीनामा होता. मी धावत मैदान गाठलं, चूक सांगितली, वर्ष वाढवून मिळाल्याचंही सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“सेन्सेई, खरं सांगू? ऐकून बरं वाटलं. मीच थकलो होतो.”

“नक्की?”

“नक्की.”

मी सुटले. माजी खेळाडूही खूश. पुढे कित्येक दिवाळ्यांना हा किस्सा सांगून मी लोकांना हसवलं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी उदबत्ती लावायला गेले. त्यांच्या पत्नीने खणातून एक वही काढून दिली. पुढच्या हंगामाचा सगळा सराव, एप्रिलपासून, आठवड्यागणिक. प्रत्येक मुलाचं नाव, कुणाचा डावा पाय कच्चा, कुणाला घरची काळजी...

“त्या सामन्याच्या आदल्या दिवशी पूर्ण केली,” त्या म्हणाल्या. “फार उत्साहात होते.”

मला वर बघवेना. त्यांना काढावं की ठेवावं, यावर आम्ही चार बैठका घेतल्या. त्यांना स्वतःला मी एकदाच विचारलं, आणि सोयीचं उत्तर मिळताच उठून आले.